चर्चच्या छतासाठी ऑनलाइन वर्गणी: क्यूआर कुणाच्या नावाचा आणि हिशेब कुणापुढे?

गोदाकाठ (धागा सुरू करणारा)

जय ख्रिस्त आणि नमस्कार,

आमचं चर्च जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. दगडी भिंती, वर पत्रे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्यात पत्र्याखालचे लाकडी वासे फुगून कुजले आणि वेदीमागच्या भिंतीनं कमरेइतकी ओल धरली. सध्या उपासना दाराकडच्या निम्म्या भागात होते, कारण पुढच्या वाशांचा भरवसा नाही. वासे काढून लोखंडी कैच्या (पत्रे तोलणाऱ्या तिकोनी चौकटी) बसवायच्या, नवे पत्रे टाकायचे, भिंतीला आतून गिलावा करायचा, एवढं काम आहे. मंडळीतली, म्हणजे चर्चच्या सभासदांतली, बरीच घरं शेतमजुरांची. ज्यांचं सोयाबीन होतं त्यांचं पाण्यात गेलं. गावातल्या गावात ही रक्कम उभी राहणार नाही हे सगळ्यांना दिसतंय.

पास्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत, ठरलं की वर्गणी ऑनलाइन मागायची. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, जमलं तर यूट्यूबवर छोटा व्हिडिओ. इथपर्यंत सगळे एक होते, पुढं फाटे फुटले. काही जण म्हणतात, पाळकसाहेबांच्या फोनवरचा क्यूआर टाका, आज संध्याकाळपासून पैसे सुरू होतील. काही जण म्हणतात, पोस्ट इंग्रजीत लिहा, परदेशातले विश्वासू बघतील. तरुण पोरांचं म्हणणं, रील व्हायरल झाली की काम झालं.

माझं मत यापेक्षा वेगळं आहे आणि ते इथं मांडून तपासून घ्यायचं आहे. माझ्या मते आमच्या छताचा पैसा अनोळखी लोकांकडून येणार नाही. तो वाळूज, चाकण, भोसरी, कल्याण इथं आहे, आमच्याच घरांतून बाहेर पडलेल्या लेकरांकडं. त्यांचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला, आजी-आजोबांची माती इथंच आहे. नाताळला ते येतात, दानपेटीत शंभराची नोट टाकतात आणि जातात, कारण वर्षभरात त्यांच्याकडं कुणी काही मागितलेलंच नसतं. सोशल मीडियाचा खरा उपयोग त्यांना गाठायला आहे. आणि ते देतील ते हिशेब दिसला तरच. कंपनीत नोकरी करणारा पोरगा शंभर रुपयांची पावती मागतो आणि त्यात काही वावगं नाही.

आमच्या जिल्ह्याला या गोष्टीचा जुना इतिहास आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राजवटीत जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. १८७३ साली न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्स या प्रोटेस्टंटांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परिषदेत हा जालन्याचा माणूस उभा राहून बोलला होता. त्या काळी शाळा, दवाखाना, चर्च या सगळ्याला मिशनचा पैसा लागायचा आणि तो समुद्रापलीकडून यायचा. ती सवय आमच्या मंडळ्यांच्या हाडात इतकी मुरली की अजूनही छत गळायला लागलं की नजर बाहेरच जाते. ती गावाबाहेर गेलेल्या आपल्या माणसांकडं वळावी, असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया तपशिलात लिहावं. खातं कसं, मजकूर काय, हिशेब कसा दाखवला, लोक कशानं बिचकले.

---

छावणीकर

संभाजीनगरहून लिहितोय. आमच्याकडं ऑनलाइन दान सुरू झालं ते लॉकडाउनमुळं. मार्च २०२० ला चर्चची दारं बंद झाली, ती पहिल्यांदा उघडली १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. पुढच्या वर्षी पुन्हा बंद, आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला उघडली. त्या काळात उपासना यूट्यूबवर होती, पण दान थांबलं होतं. चर्चचा रखवालदार, ऑर्गन वाजवणारे, झाडलोट करणाऱ्या बाई, सगळ्यांचे पगार दानातून. तेव्हा नाइलाजानं क्यूआर आला.

दोन गोष्टी तेव्हा ध्यानात आल्या. पहिली, सर्वसाधारण दान मागितलं तर हात आखडतो, नेमकं काम सांगितलं की सुटतो. "मंडळीच्या कार्याला हातभार लावा" यावर थोडे लोक देत. "रखवालदाराचा दोन महिन्यांचा पगार थकलाय" असं स्पष्ट लिहिल्यावर त्याच आठवड्यात भागलं. तुम्ही "चर्च दुरुस्ती" असं न लिहिता एका कैचीला काय लागतं, एका पत्र्याला काय लागतं, असं लिहा. माणूस म्हणतो, एक पत्रा माझ्या आईच्या नावानं.

दुसरी, म्हाताऱ्या माणसांना क्यूआरनं बाजूला टाकू नका. आमच्या ज्येष्ठ भगिनींना दानाचा लिफाफा हातानं वेदीपाशी ठेवायचा असतो. त्यांच्या दृष्टीनं तो उपासनेचाच भाग आहे. दोन्ही वाटा चालू ठेवा आणि दोन्हींची बेरीज एकाच वहीत करा.

---

वडीलधारे

माझं म्हणणं कदाचित जुनं वाटेल. देवाच्या घराचं काम आहे. देणाऱ्यानं देवाला दिलं, तिथं त्याचा व्यवहार संपला. प्रत्येक रुपया व्हॉट्सअ‍ॅपवर मांडायला लागलो तर पाळकाच्या शब्दाला काय किंमत राहिली? आमच्या काळी साहेब सांगायचे आणि लोक द्यायचे.

---

गोदाकाठ

काका, तुमच्या शब्दाचा मान राखूनच सांगतो. पाळकसाहेबांचा शब्द जपायचा म्हणूनच मला हिशेब उघडा हवा आहे. पैसा त्यांच्या खिशातल्या फोनवर आला की उद्या त्यांच्या पोरीच्या लग्नातल्या प्रत्येक साडीकडं लोक बोट दाखवणार. ज्या माणसानं पंधरा-वीस वर्षं या मंडळीत अंत्यविधी केले, रात्री-अपरात्री दवाखान्यात बसून प्रार्थना केली, त्याच्यावर ही वेळ आणणं अन्यायाचं आहे. हिशेब कमिटीनं ठेवावा, सही खजिनदाराची असावी, पाळकांनी प्रार्थना करावी.

---

ताळेबंद

लातूरला ट्रस्टचे ऑडिट करतो, त्यात मंदिरं, दर्गे, चर्च सगळे येतात. थोडं सविस्तर लिहितो, कारण इथंच लोक अडकतात.

आधी पाळकांच्या वैयक्तिक क्यूआरबद्दल. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून एका वर्षात ५०,००० रुपयांच्या वर रक्कम वैयक्तिक खात्यात आली तर आयकर खातं ती त्या माणसाचं उत्पन्न धरू शकतं. ते पैसे चर्चचे होते हे मग त्या बिचाऱ्यानं सिद्ध करत बसायचं. शिवाय अनोळखी लोकांकडून शे-दोनशेच्या ढीगभर रकमा आल्या आणि त्यातली एखादी फसवणुकीच्या तक्रारीतली निघाली, तर पोलिसांच्या पत्रावरून बँक खातं गोठवते. पगाराचंच खातं गोठलं की घर थांबतं.

म्हणून खातं ट्रस्टचं हवं. तुमची मंडळी कोणत्या ट्रस्टखाली येते ते आधी बघा. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) बऱ्याच इमारती गावच्या कमिटीच्या नावावर नसतात, त्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर असतात आणि कारभार डायसिसकडून, म्हणजे बिशपांच्या विभागीय कार्यालयाकडून, चालतो. तेव्हा छताला हात लावण्याआधी आणि पैसे मागण्याआधी डायसिसचं लेखी पत्र घ्या. तेच पत्र पोस्टसोबत टाकलं की निम्म्या शंका तिथंच मिटतात.

स्वतंत्र नोंदणी असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली मिळालेला नोंदणी क्रमांक पावतीवर आणि पोस्टवर छापा. विश्वस्त बदलले असतील तर ९० दिवसांत बदल अर्ज जायला हवा होता, तो राहिला असेल तर आधी ते काम करा, कारण बँक नवीन सह्या त्याशिवाय घेत नाही. आणि नोंदणी अजिबातच नसेल तर कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतल्याशिवाय वर्गणी मागू नका. गणेश मंडळं दरवर्षी जी परवानगी काढतात तीच ही.

क्यूआरचं सोपं आहे. खातं दोघांच्या सहीचं ठेवा, खजिनदार आणि सेक्रेटरी. अशा खात्याला पैसे घेण्यापुरता क्यूआर बँकेकडून मागून घ्या. स्कॅन केल्यावर नाव ट्रस्टचं दिसलं पाहिजे. पैसे बाहेर जातील ते चेकनं, दोन सह्यांवर.

आता ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट देणारं कलम. चर्चच्या पोस्टवर सर्रास लिहिलेलं दिसतं, "देणगी करमुक्त". हे बहुतेक वेळा खोटं असतं, लिहिणाऱ्याला माहीतही नसतं. एखाद्या विशिष्ट धर्माच्या लोकांसाठीच असलेल्या संस्थेला ८०जी मिळत नाही. धर्मादाय संस्थेला ते मिळालेलं असलं तरी धार्मिक कामावरचा खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपलीकडं जाता कामा नये. मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च यांच्या दुरुस्तीला एक वेगळी वाट आहे, पण ती फक्त केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलादृष्ट्या महत्त्वाच्या, नाहीतर दूरवर ख्याती असलेल्या प्रार्थनास्थळांना. खेड्यातलं चर्च त्यात बसत नाही. ज्यांना मिळतं त्यांनाही २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर सूट देता येत नाही, आणि दरवर्षी ३१ मे पर्यंत १०बीडी फॉर्म भरून देणगीदाराला १०बीई दाखला द्यावा लागतो. नव्या करप्रणालीत असलेल्या पगारदाराला तसाही याचा उपयोग नाही. तेव्हा पोस्टमध्ये सरळ लिहा, "या देणगीवर आयकर सूट नाही." याच्यानं देणारा माणूस मागं हटत नाही. उलट विश्वास बसतो.

---

ऊसपट्टा

बीडकडली हाय मी. आमच्या मंडळीतली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊस तोडायला कोयत्यावर जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. मार्च-एप्रिलात कारखाना बंद झाला की परत. नाताळला आमच्या चर्चमध्ये म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं एवढीच राहतात. आता ही माणसं गावात नाहीत म्हणून त्यांना मंडळीतून वजा करायचं का?

आमच्याकडं मोबाईलचा खरा उपयोग तिथं झाला. पाळकबाई दर रविवारी ग्रुपवर दोन-तीन मिनिटांचा आवाज पाठवतात. वचन, प्रार्थना, कोण आजारी, कुणाकडं बाळ झालं. लिहिलेलं सगळ्यांना वाचता येत नाही, आवाज मात्र फडात बी ऐकतात. त्यातच सांगितलं की खिडक्यांना दारं बसवायची हायेत. कोपीवरून, म्हणजे तोडीवरच्या झोपडीतून, पन्नास-शंभर यायला लागले. टोळीतल्या एका पोराच्या फोनवरून पाच घरांचे पैसे यायचे आणि खाली आवाजात नावं सांगायचा, ह्याचे इतके, तिचे इतके. ती नावं खजिनदार वहीत वेगवेगळी लिहायचे. हे लक्षात ठेवा, एका फोनमागं पाच माणसं असतात.

आणि एक कळकळीनं सांगते. ग्रुपवर देणगीदारांची यादी रकमेसकट लावू नका. मोठ्या रकमेचं नाव वर आणि पन्नासवालं खाली, असलं तर अजिबातच नको. आमच्या एका भगिनीनं यादी बघून ग्रुपच सोडला. तिनं दिलेले पन्नास म्हणजे उचलीतून, म्हणजे कामाआधी आगाऊ घेतलेल्या पैशातून, घरखर्च काढून उरलेले. बायबलातल्या गरीब विधवेनं दानात टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन बारक्या नाण्यांवर, प्रवचन करायचं आणि यादी मात्र उतरत्या क्रमानं लावायची, हे मनाला लागतं.

जुन्या बायकांची मूठभर धान्याची रीत तर तुम्हाला ठाऊक असंलच. भाकरीला पीठ घेताना मूठभर धान्य देवाच्या डब्यात. वर्षाला पोतं भरायचं. कुणाची मूठ किती मोठी होती हे कुणी मोजलं नाही.

---

गोदाकाठ

ताई, हे वाचून आमच्या कमिटीचा निम्मा वाद संपला. यादीचा मुद्दा कालच भांडणावर आला होता. तुमच्यावरून असं सुचतंय की ग्रुपवर फक्त एकूण जमा, एकूण खर्च आणि बिलांचे फोटो टाकायचे. ज्याची त्याची पावती ज्याला त्याला खाजगीत. नावानिशी वही खजिनदाराकडं, ऑडिटरला आणि धर्मादाय कार्यालयाला दाखवायला. आवाजातून नावं घेऊन पैसे पाठवण्याची पद्धतही उचलतो.

---

वैजापूररोड

आम्ही कॅथलिक, घोगरगावच्या बाजूचे. आमचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ ला अमरावतीतून वेगळा झाला, त्याआधीपासून संत फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनरी फादरांचं काम या पट्ट्यात आहे. आमच्याकडं फादर एकटे ठरवत नाहीत. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्यात ५३७ क्रमांकाचा नियम आहे, प्रत्येक पॅरिशला (स्थानिक धर्मग्रामाला) वित्त समिती असलीच पाहिजे. त्याच कायद्यात १२६७ मध्ये असं आहे की विश्वासूंनी ज्या कामासाठी दिलं त्याच कामाला ते वापरायचं.

ऑनलाइन मागताना हा दुसरा नियम फार उपयोगी पडतो. छतासाठी मागितलं आणि जास्त जमलं तर? लोक हे विचारत नाहीत, पण मनात धरतात. आमच्या ग्रोटोच्या (मरियामातेच्या गुहेसारख्या देवस्थानाच्या) कामात आम्ही सुरुवातीलाच लिहिलं होतं की रक्कम पूर्ण झाली की क्यूआर काढून टाकू, आणि झाल्यावर खरंच काढला. त्यानंतरही लोक विचारत होते, अजून पाठवू का. "नको, झालं," असं उत्तर दिलं. पुढच्या वर्षी कंपाउंडसाठी मागितलं तेव्हा त्याच लोकांनी आपणहून दिलं.

---

आखातातून

मी मूळचा अंबडचा, सध्या दुबईत. इथं मराठी ख्रिस्ती मंडळी आहे, प्रार्थनेला बरेच जण जमतो. मी आणि माझ्या ओळखीचे काही जण द्यायला तयार आहोत. एक अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली चुलत बहीणही विचारते आहे. पाठवू का?

---

ताळेबंद

तुमचं आणि बहिणीचं प्रकरण वेगळं आहे, आणि या एका गोष्टीत चूक झाली तर संस्था अडचणीत येते.

तुमच्याकडं भारतीय पासपोर्ट आहे, पैसा तुमच्या स्वतःच्या कमाईचा आहे, आणि तुम्ही तो नेहमीच्या बँक मार्गानं, एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या, खात्यातून पाठवताय. हा विदेशी निधी धरला जात नाही. पासपोर्टची प्रत खजिनदाराला पाठवून ठेवा, म्हणजे पुढं प्रश्न आला तर कागद हाताशी असेल.

बहिणीनं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी कायद्याच्या नजरेत ती विदेशी स्रोत आहे. तिचा एक डॉलरही घ्यायचा तर संस्थेकडं विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० ची नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या त्यासाठीच्या खात्यात येऊ शकतो. आणि नोंदणी असलेल्या एका संस्थेनं तो दुसऱ्या संस्थेला पुढं द्यायलाही आता मनाई आहे. म्हणजे "मोठ्या संस्थेकडून फिरवून घेऊ" हा जुना रस्ता बंद झाला. तिनं दिलेले पैसे तुम्ही तुमच्या खात्यातून पाठवणं हाही त्यावरचा उपाय नव्हे, ते बेकायदा आहे.

गोदाकाठ, तुमच्याकडं ही नोंदणी नसेल तर पोस्टमध्ये ठळक लिहा: फक्त भारतीय नागरिकांकडून. इंग्रजी पोस्ट टाकून अमेरिकेतला पैसा येईल म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

---

आखातातून

समजलं. बहिणीला सांगतो, प्रार्थनेत सोबत राहा आणि गावी येशील तेव्हा सगळ्यांना भेट.

---

शब्दपान

मी आमच्या नांदेडच्या मंडळीचं पेज सांभाळते. मजकुराबद्दल लिहिते.

व्हायरलच्या मागं लागू नका. जी पोस्ट हजारो अनोळखी लोकांपर्यंत गेली तिच्यावर आमच्याकडं वाद जास्त आणि पैसे कमी आले. जी पोस्ट मंडळीतल्या प्रत्येकानं आपल्या आत्या, मामा, वर्गमित्र यांना स्वतःच्या दोन ओळी लिहून पाठवली, ती चालली. नुसतं पुढं ढकललेलं कुणी उघडत नाही. "मामा, तुमचं लग्न ज्या चर्चमध्ये लागलं तिथले वासे काढतोय" असं आलं की मामाचा फोन येतो.

फोटो कामाचा घ्या. कुजलेला वासा जवळून, बोटानं दाबला की भुसा पडतोय असा. मिस्त्री मोजमाप घेताना. वेदीमागच्या भिंतीवर पाणी कुठपर्यंत चढलंय त्याची रेघ. नंतर त्याच जागेचे पुन्हा फोटो, काम होताना आणि झाल्यावर. तीन फोटो एकाखाली एक लावले की हिशेबाच्या पानाइतकंच बोलतात.

लेकरांचे फोटो पैशासाठी वापरू नका. अनाथ दिसणारं लेकरू, फाटके कपडे, हात जोडलेले. ते लेकरू उद्या कॉलेजात जातं आणि तो फोटो तिथपर्यंत त्याच्यामागं येतो. आमच्या पेजवर हे आम्ही पूर्ण बंद केलंय.

---

मूळगावचा

शब्दपान ताईंच्या मुद्द्यात भर घालतो. प्रार्थनेला बसलेल्या लोकांचेही फोटो वर्गणीच्या पोस्टला लावू नका, आणि खाली "इतके नवे विश्वासू आले" असलं तर काहीही लिहू नका.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ ला शिखांचा आणि १९९० ला बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती लोकांचा आजवर झालेला नाही. आपल्या खेड्यांत प्रार्थनेला येणारा प्रत्येक जण बाप्तिस्मा घेतलेला असतोच असं नाही. कुणी आजारपणात शांती मिळते म्हणून येतो, कुणी शेजारणीसोबत येते. त्याचा चेहरा पोस्टवर गेला की उद्या त्याच्या पोराच्या जात प्रमाणपत्राच्या वेळी कुणीतरी तो स्क्रीनशॉट पुढं करतो. फोटो आपल्या छताचा, भोग त्या पोराच्या वाट्याला. परवानगी विचारली तरी चर्चमध्ये पाहुण्यासारखा बसलेला माणूस नाही म्हणत नाही. म्हणून विचारूच नका, चेहरा नसलेला फोटो घ्या.

---

टाळकरी

मी वारकरी, परभणी जिल्ह्यातला. वर्गणीचा विषय दिसला म्हणून वाचत आलो. आमच्या गावात मारुतीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि दरवर्षी हरिनाम सप्ताह असतो, तेव्हा या कामाची थोडी माहिती आहे.

एक सुचवतो. फेसबुकवर टाकण्याआधी गावात सांगा. सरपंच, पोलीस पाटील, शेजारची घरं. चर्चचं छत गळतंय हे गावाला दिसतंच आहे, पण गावाला आधी मोबाईलवरून कळलं की मनात किंतु येतो, पैसे कुठून येताहेत, कशासाठी येताहेत. तोंडी सांगितलं की तोच माणूस म्हणतो, ट्रॅक्टर लागला तर सांगा. आमच्या देवळाला दोन मुस्लिम घरांनी वाळूच्या खेपा टाकल्या होत्या. गावात वस्तूरूपानं बरंच मिळतं, आणि त्याचीही नोंद वहीत करा: अमक्यानं ट्रॅक्टर दिला, अमक्यानं कैच्या चढवायला दिवसभर माणसं दिली.

सप्ताहाचा हिशेब काल्याच्या दिवशी माईकवर वाचला जातो. ज्याला शंका आहे त्यानं तिथंच विचारायची. तुम्ही रविवारी तसं करू शकाल.

---

गोदाकाठ

माउली, फार मोलाचं सांगितलंत. उद्याच सरपंचांकडं जातो. आमच्या कापणीच्या सणाला भोपळे, कोंबड्या, ज्वारीची पायली असं काय काय वेदीपुढं येतं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, तेव्हा गावातले कितीतरी जण बोली लावायला येऊन उभे राहतात. या वेळी लिलावाची सगळी रक्कम छताला जाणार आहे. त्यांना ते आधी सांगितलं पाहिजे.

---

जालन्याची

सुरक्षेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या ओळखीच्या एका मंडळीची पोस्ट कुणीतरी जशीच्या तशी उचलली, फक्त क्यूआर बदलला आणि दुसऱ्या ग्रुपांमध्ये फिरवली. फोटो खरे, मजकूर खरा, खातं भलत्याचं. लोकांना कळलं तेव्हा पैसे गेले होते.

याला उपाय एवढेच. क्यूआरच्या चित्रावरच ट्रस्टचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरात छापा आणि मजकुरात लिहा, "स्कॅन केल्यावर हेच नाव दिसलं नाही तर पैसे पाठवू नका." खजिनदारांचा चर्चसाठीचा एकच नंबर ठेवा, शंका असेल तर फोन करा असं सांगा. वर्गणीच्या ग्रुपवर मेसेज फक्त अ‍ॅडमिनलाच टाकता येतील अशी सेटिंग करा. पाळकांचा फोटो डीपीला लावून "मी अडचणीत आहे, जरा पाठवा" असे मेसेज येतात, तेव्हा पाळक कधीही वैयक्तिक नंबरवरून पैसे मागणार नाहीत हे उपासनेत जाहीर करा. आणि ज्येष्ठांना एक गोष्ट पक्की शिकवा: पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. "देणगी परत करतो, पिन टाका" म्हणणारा चोर असतो.

फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन. जितका लवकर तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. लाज वाटून दोन दिवस गप्प बसणाऱ्यांचे पैसे जातात.

---

वडीलधारे

सगळं वाचलं. पाळकांच्या नावाचा क्यूआर नको हे मलाही पटलं. माईकवर हिशेब वाचायचा असेल तर तो मी वाचतो, कमिटीला चालणार असेल तर. आवाज अजून खणखणीत आहे.

---

गोदाकाठ

काका, चालणार म्हणजे काय, तुम्हीच वाचा.

काल कमिटी बसली. डायसिसला पत्र गेलं आहे, त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत काहीही टाकायचं नाही असं ठरलं. बँकेत क्यूआरसाठी अर्ज दिला. सरपंचांनी ऐकून घेतलं आणि पत्रे शहरातून आणायला पिकअप देतो म्हणाले, तेही डिझेलसकट. मजकूर असा केला आहे, बघून सांगा:

"आपल्या गावच्या चर्चचे वासे सप्टेंबरच्या पावसात कुजले आहेत. ते काढून लोखंडी कैच्या आणि नवे पत्रे बसवायचे आहेत. मिस्त्रीचा अंदाज आणि डायसिसचं पत्र सोबत आहे. आपण यथाशक्ती द्यावं, रक्कम कितीही असो. पैसे फक्त ट्रस्टच्या खात्यात घेतले जातील. स्कॅन केल्यावर ट्रस्टचं नाव दिसलं नाही तर पाठवू नका. फक्त भारतीय नागरिकांकडूनच देणगी घेता येते. या देणगीवर आयकर सूट नाही. पावती प्रत्येकाला खाजगीत मिळेल. जमा-खर्च दर रविवारी उपासनेनंतर वाचला जाईल आणि बिलांसह ग्रुपवर टाकला जाईल. लागेल तेवढी रक्कम जमली की क्यूआर काढून घेतला जाईल. एका फोनवरून अनेकांचे पैसे पाठवणार असाल तर नावं आवाजात सांगा. शेवटची तारीख २५ डिसेंबर."

---

ताळेबंद

पावती क्रमांकानं द्या आणि नोंदणी क्रमांक मजकुरातही घाला. बाकी ठीक आहे.

---

ऊसपट्टा

दादा, सगळं चांगलं झालं, पण २५ डिसेंबर नको. तुमच्याकडची बी माणसं कोयत्यावर असतीलच. त्यांचा हिशेब कारखाना बंद झाल्यावर होतो, हातात काही उरलं तर ते तेव्हाच. डिसेंबरात उचल फेडणंच चालू असतं.

---

गोदाकाठ

बरोबर आहे ताई, आमच्याकडची नऊ-दहा घरं गेलीत. शेवटची तारीख काढली. कैच्यांचं काम जमेल तसं आधी सुरू करतो, गिलावा ते परतल्यावर. खातं एप्रिल संपेपर्यंत उघडं राहील आणि डायसिसचं उत्तर आलं की हे आवाजात रेकॉर्ड करून त्यांच्या ग्रुपवर टाकतो.